ओठात धरलेलं सूत

१४ जानेवारी १९७९. सकाळी मी परसातल्या चुलीवर खळ शिजवत होते. खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची पेज. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुतांना, ती कुंच्याने चोपडावी लागते. नाहीतर सूत मागावर ये-जा करणाऱ्या धोट्याचा मार सोसत नाही, पटापट तुटतं. ढवळणं थांबवलं की खळ तळाला लागते. म्हणून वनू रडत आली तेव्हा मी मागे न बघताच विचारलं, "काहून रडतं वो? कोनं मारलं?"

वळून पाहिलं तर माझी पोरगी मला ओळखू येईना. डोळ्यांच्या जागी दोन चिरा. ओठ सुजून बाहेर उलटलेले. मानेवर, पोटावर, मांड्यांवर चाबकाने फोडून काढल्यासारखे लाल वळ. ती नखांनी स्वतःचा गळा ओरबाडत होती, आणि गळ्याला रक्त आलं होतं. मग ती ओकली, आणि ओकता ओकताच तिच्या छातीतून शिटी वाजायला लागली.

पाच वर्षांची होती.

शेजारची कौसल्या आधी पोचली. संक्रांत म्हणून तिनंच थोड्या वेळापूर्वी वनूच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला होता. लाडू नरड्यात अडकला असं वाटून तिनं दोन बोटं वनूच्या घशात कोंबली. वनूनं ती कचकन चावली. कौसल्या किंचाळली, पण बोटं काढेना. शेवटी मी तिच्या मनगटावर ढवळायचा लाकडी दांडा मारला तेव्हा सुटली. तोवर माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, दृष्ट काढायला शेगडी घेऊन आल्या. जळत्या मिरच्यांचा धूर त्यांनी थेट वनूच्या तोंडाशी धरला. जिला श्वास मिळत नाही तिच्या नाकात मिरचीचा धूर. मी शेगडीला लाथ मारली. निखारे परसभर उडाले. वनूचे बाबा मागावरून उठून आले ते नेमके तेव्हा. त्यांना दिसली ती आईच्या शेगडीला लाथ मारणारी बायको. त्यांनी माझ्या कानशिलात लगावली.

"काय चारलंस पोरीले?"

मी वनूला खांद्यावर टाकलं आणि सरकारी दवाखान्याकडे पळत सुटले. चुलीवरची खळ जळाली ती जळालीच.

सुई

डॉक्टर तरुण होते, नवीनच आले होते. त्यांनी एकदा वनूकडे पाहिलं आणि मला काहीही न विचारता काचेची सिरिंज भरली. कंपाउंडरने पाय दाबले, सिस्टरने खांदे दाबले. वनू तरी उसळत होती. सुई दंडात गेली तशी ती ज्या आवाजात ओरडली तो माणसाचा आवाज नव्हता. मी भिंतीला हात लावून उभी होते. थोड्या वेळाने शिटी मंद झाली. मग वनूनं मला एक शिवी दिली, गल्लीत शिकलेली, चांगलीच घाण. डॉक्टर म्हणाले, "शिवी देते म्हणजे श्वास आला."

मग प्रश्न सुरू झाले. काय खाल्लं, कधी खाल्लं, आधी असं झालं होतं का. तिळगूळ खाल्ला की तिचे ओठ खाजतात हे मला माहीत होतं. आम्ही म्हणायचो, गूळ बाधतो. डॉक्टर म्हणाले, गूळ नाही, तीळ. ॲलर्जी. काही मुलांचं शरीर एखाद्या साध्या अन्नाला विष समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत मूलच मरू शकतं. औषध विचारलं तर म्हणाले, बरं करणारं औषध नाही. तीळ कायमचे बंद, आणि पुन्हा असं झालं तर ही सुई, तीही लगेच.

सुईनंतर दुसरा झटका येऊ शकतो म्हणून आम्हाला ठेवून घेतलं. वॉर्डात माझ्या शेजारी नदीकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवराची बायको होती, तिच्या मुलाच्या पायात माशाचा गळ घुसला होता. ती दर वेळी स्वतःसाठी चहा आणताना माझ्यासाठीही आणायची आणि एक शब्द बोलायची नाही. सिस्टरने वनूला औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन खेळायला दिल्या. वनू त्या सुताच्या कांड्यांसारख्या ओळीने लावायची. इस्पितळात माणसाला एवढंसंही पुरतं.

वनूचे बाबा संध्याकाळी आले. डब्यात भात आणि वरण होतं, आणि डबा त्यांनी स्वतः भरला होता हे त्यातल्या मिठावरून कळलं.

डाग

घरातून तीळ हद्दपार केले. तिळाची चटणी, लाडू, डब्याच्या तळाशी चिकटलेला कणसुद्धा. खलबत्ता नवा आणला. आता झालं, असं मला वाटलं.

उन्हाळा लागता लागता वनूचे ओठ पुन्हा सुजले. मग तिसऱ्यांदा. पहिल्याइतकं भयंकर नाही, पण वळ उठायचे, ओकारी व्हायची, छाती वाजायची. दर वेळी दवाखाना, दर वेळी तोच प्रश्न, आणि मी शपथेवर सांगायचे की तीळ घरात नाहीत. नवऱ्याचा विश्वास उडाला. तू कामात असतं, तुझं लक्ष राहत नाही, असं ते सगळ्यांसमोर म्हणायला लागले. आमच्यात त्या महिन्यांत बोलणं कमी आणि भांडी आपटणं जास्त होतं. एकदा मी पितळी तांब्या फेकला, तो त्यांच्या भुवईला लागला. खूण अजून आहे.

आत्याबाईंनी स्वतःचा उपाय केला. मी विणलेली लुगडी पोचवायला व्यापाऱ्याकडे गेले होते. परत आले तर घरात कोणी नाही. कौसल्या दारातून म्हणाली, "डोंग्यात बसून पल्याड गेली बुढी. पोट्टीले घेऊन."

वैनगंगेच्या पल्याड एक म्हातारा डाग द्यायचा. पोट दुखलं, दम लागला, मूल सुकलं, सगळ्यावर एकच औषध: विळ्याचं टोक लाल करून पोटावर टेकवायचं. मी घाटावर पळाले. दुसरा डोंगा मिळेपर्यंत जीव जात होता. पल्याडच्या वाळूत पाय रुतत होते आणि तिथूनच मला वनूचं ओरडणं ऐकू आलं. म्हणजे पोचायच्या आत झालं होतं.

झोपडीत एका माणसाने तिचे हात धरले होते, आत्याबाईंनी पाय. पोटावर दोन डाग उठले होते आणि म्हातारा तिसऱ्यासाठी विळा निखाऱ्यात फिरवत होता. भाजलेल्या कातडीचा वास होता. मी चिमटा उचलला आणि त्याच्या हातावर मारला. विळा खाली पडला. पुन्हा मारला, खांद्यावर. हात धरणारा पळाला. आत्याबाई मधे आल्या तर त्यांना मी ढकललं, त्या दाराच्या चौकटीवर जाऊन आपटल्या.

"मारतं मले? सासूले मारतं?"

"हाव," मी म्हटलं. "आनि पुन्हा हात लावला तर पुन्हा मारीन."

परत येताना आम्ही तिघी एकाच डोंग्यात होतो, दुसरा नव्हता. वनू माझ्या मांडीवर, आत्याबाई समोर, कपाळावर टेंगूळ. काठ जवळ आल्यावर त्या हळू म्हणाल्या, "माह्या दोन पोरी मेल्या अशाच. दम लागून. मले वाटलं, हे तरी वाचावं."

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी पदर ओला करून त्यांच्या कपाळाला लावला. माफी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाही.

तोंडात काय घालते?

डाग चिघळले. डॉक्टरांनी जखमा धुतल्या तेव्हा दात आवळून धरले होते त्यांनी. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ओरडले नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाले, मी इतके दिवस चुकीचं विचारत होतो. ही काय खाते ते विचारत होतो. आता सांगा, ही तोंडात काय काय घालते?

मी म्हटलं, काही नाही. मोठी झाली आता, माती खात नाही.

वनूनंच सांगितलं. "सूत."

विणकराच्या घरातलं मूल. ताण्याची सुतं तुटली की सांधायची असतात. तुटलेलं टोक शोधायचं, ओठात धरून ओलं करायचं, दुसऱ्या टोकाला लावून पिळायचं. लहान बोटांना हे छान जमतं, म्हणून आमच्यात मुलींना लवकर बसवतात. मी केलं, माझ्या आईनं केलं. वनू गल्लीतल्या सगळ्या पोरींत चपळ होती. आणि खळ शिजत आली की सूत मऊ राहावं म्हणून तिच्यात तेल घालतात. कोणतं तेल? घाण्याच्या तळाचं, गाळासकट, तिळाचं.

स्वयंपाकघरातून मी तीळ काढले होते आणि मागावर रोज तिच्या ओठाला लावत होते. ते अन्न नव्हतं, म्हणून ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या घरी असं मूल असेल तर डॉक्टरांचा तो प्रश्न लक्षात ठेवा. स्वयंपाकघरापाशी थांबू नका. तुमच्या धंद्यात काय मळतात, काय उकळतात, काय चोपडतात, कुणाची बोटं कशाला लागतात, तेही बघा.

तेल

आम्ही खोबरेल वापरायला लागलो. गल्लीतल्या बाकीच्यांनाही विनंती केली, कारण वनू सगळ्यांच्या ओसरीवर खेळते, सगळ्यांची सुतं सांधते. बरेच जण हो म्हणाले. कौसल्या नाही म्हणाली.

तिचं म्हणणं धंद्याचं होतं आणि खोटं नव्हतं. थंडीत खोबरेल गोठतं. खळीत गुठळ्या होतात, कुंचा अडकतो, सूत खरखरीत होतं आणि मागावर तुटतं. विधवा बाई, घरात एकच माग, त्यावर ती आणि म्हातारा सासरा जगत होते. मी हे सगळं समजत होते. पण त्या दिवशी ती पुढे म्हणाली, "तुही पोट्टी नाजूक आहे तं घरात ठेव तिले. गल्ली कायले बदलवतं?"

मी तिच्या केसांना हात घातला. तिनंही घातला. दोन शहाण्या बाया, परसात, कोंबड्यांसारख्या. तिच्या चुलीवरचं भांडं कलंडलं आणि उकळती खळ माझ्या पावलावर आली. खळ पाण्यासारखी वाहून जात नाही, चिकटून बसते आणि भाजत राहते. कातडी सालपटासारखी निघाली. बायांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. त्यानंतर कौसल्या आणि मी एकमेकींशी बोललो नाही, दोन पावसाळे. वनूला मी सांगितलं, तिच्या ताण्याला हात लावायचा नाही. वनूनं ऐकलं.

हाक

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते.

खळ लावलेला ताणा गल्लीभर लांब ताणून, लाकडी घोड्यांवर टेकवून वाळवतात. ओल्या ताण्याचे शत्रू पुष्कळ. ढग येतो, वावटळ येते, मोकाट म्हैस येते. एक क्षण उशीर झाला तर कित्येक दिवसांची मेहनत चिखलात. म्हणून ज्याला संकट आधी दिसेल तो ओरडतो, "ताणा!" आणि गल्लीतला प्रत्येक माणूस, जेवत असो की न्हात असो, आपापल्या जागेवर पळतो. कोणाचा ताणा आहे हे बघायचं नाही. म्हाताऱ्या खळ झाकतात, पुरुष टोकं सोडतात, बाया गुंडाळतात, मुलं घोड्यांखाली शिरून सुतं वर धरतात. कोण कुठे, हे ठरलेलं. मुलांना ते चालायला लागल्यापासून शिकवतात, आधी चिंध्यांचा खोटा ताणा करून. चुकीच्या जागी पळालं की कान पिळायचा. रडू नये इतका नाही, रडेल इतका. शाळेतल्या कवायतीआधी आमची मुलं ही कवायत शिकतात.

डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की झटका आला तर वनूला चालवायचं नाही, उभं करायचं नाही. आडवी ठेवायची, पाय उंच. फारच धाप लागली तर टेकवून बसवायची, ओकली तर कुशीवर. तोंडात पाणी नाही, लिंबू नाही, राख नाही. आणि सुईपर्यंत लगेच. हे ऐकून घरी येताना माझ्या मनात आलं, हे काम एका आईचं नाही. पहिल्या वेळी आम्ही चार माणसं होतो आणि चौघं एकमेकांना मारत होतो. ताणा वाचवायला आख्खी गल्ली पळते, मग पोरगी वाचवायला काहून नाही?

म्हणून मी दुसरी हाक ठरवली. "वनू!" असं दोनदा ओरडलं की प्रत्येकाची जागा ठरलेली. बाबांनी पाय उंच धरायचे. आत्याबाईंनी घोंगडी आणायची आणि धूर, मिरची, मीठ कशालाही हात लावायचा नाही. शंकरभाऊ आमच्या शेजारी राहायचे, सायकलरिक्षा चालवायचे. त्यांनी रिक्षा दाराशी आणायची. पुढच्या घरातल्या ताराने आधीच दवाखान्यात पळत जाऊन सांगायचं, म्हणजे सुई भरलेली मिळेल.

मग मी खोट्या झटक्याची कवायत घ्यायला लागले. पहिले काही दिवस लोक हसले. शंकरभाऊ रिक्षा आणताना विचारायचे, "वहिनी, आज खरी पडली का खोटी? खोटी असन तं बिडी संपवतो." मुलांना तर खेळच मिळाला. आळीपाळीने वनू व्हायची. काही पोरं वनूपेक्षा चांगली मरायची. आत्याबाई सुरुवातीला घोंगडीऐवजी देवघरातला अंगारा आणायच्या. मी त्यांना परत पाठवायचे. एकदा, दोनदा, जितक्यांदा आणतील तितक्यांदा. मी कान पिळला नाही, वयाचा मान ठेवला, पण मनात होतं.

कौसल्याला मी जागा दिली नव्हती.

नोव्हेंबर १९८१

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी कौसल्याचा ताणा गल्लीत पसरलेला होता, ओला, नुकताच खळ लावलेला. आभाळ अचानक काळं झालं आणि नदीकडून वारा उठला. कोणीतरी ओरडलं, "ताणा! ताणा!"

मी तांदूळ निवडत होते, सूप टाकून पळाले. मधे पोचले तेव्हा घोड्या कोसळत होत्या, कौसल्या टोकाशी ओरडत होती, आणि मला वनू दिसली. ती ताण्याखाली होती. तिथेच, जिथे ती चालायला लागल्यापासून तिची जागा होती. माझा हुकूम तिनं दोन वर्षं पाळला होता. पण हाक आली की डोकं चालत नाही, पाय चालतात. तेच तर आम्ही तिला शिकवलं होतं. वाऱ्याने सुतं तुटत होती आणि माझी पोरगी दोन्ही हातांनी ती पकडत होती, टोकं ओठात धरून सांधत होती. एक झालं की दुसरं.

मी तिला बाहेर ओढलं. ओठ आधीच सुजले होते. ती काही बोलायला गेली आणि आवाज निघाला नाही. मग तिचे गुडघे गेले.

मी ओरडले. "वनू! वनू!"

आणि गल्लीने ताणा सोडून दिला. मला ते आजही दिसतं. सगळे हात एकदम वर आले आणि सुतं खाली पडली. तारा निघाली ती गोळीसारखी. आत्याबाई घोंगडी घेऊन आल्या, नुसती घोंगडी. शंकरभाऊंनी रिक्षा काढली. फक्त वनूचे बाबा जागेवर नव्हते. ते भिंतीला पाठ लावून वनूकडे बघत होते. मी जाऊन त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी ठोसा मारला.

"पाय धरा!"

त्यांनी धरले.

वनूला रिक्षात आडवी घातली. पाय त्यांच्या खांद्यावर, डोकं माझ्या मांडीवर. शिटीचा आवाजही आता येत नव्हता, छाती नुसती आत ओढली जात होती. चेहरा राखेसारखा. शंकरभाऊंनी पायडल मारलं, रिक्षा थोडी पुढे गेली आणि थांबली. पडलेला ओला ताणा गल्लीभर पसरला होता, तो पुढच्या चाकात शिरून आसाला गुंडाळला गेला होता. त्यांनी मागे ओढलं, आणखी अडकला. लोक हातांनी सुतं ओढायला लागले. सुती दोर, खळ पाजलेला, शेकडो पदरी. तो हातांनी तुटत नाही. तो तुटू नये म्हणूनच तर आम्ही खळ लावतो.

कौसल्या विळा घेऊन आली.

विणकराच्या हातात, ताण्यापाशी, विळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. ती चाकाजवळ गुडघ्यावर बसली आणि तिनं स्वतःचा ताणा कापला. गवत कापतात तसा, मूठ भरून, मागे खेचून. चाकाच्या अलीकडे, मग पलीकडे. विळा एकदा तिच्या बोटावरून गेला, तिनं बघितलं नाही. म्हातारा सासरा दारातून ओरडत होता, "काय करून राहिली वो? काय करून राहिली?" तिनं शेवटची मूठ कापली, आसाभोवतीचा गुंता ओरबाडून काढला आणि रिक्षेच्या मागे खांदा लावून ढकललं.

"जा नं गा शंकर!"

दवाखान्याच्या दारात डॉक्टर सिरिंज घेऊन उभे होते. तारा पायरीवर बसून ओकत होती, इतकी पळाली होती. पहिल्या सुईने काही झालं नाही. डॉक्टरांनी वनूच्या तोंडावर रबरी मुखवटा दाबून हवा ढकलली. वनूचे हात लुळे लोंबत होते. दुसरी सुई. मी तिच्या पायाला चिमटे काढत होते, काळेनिळे झाले तरी काढत होते. मग तिचा अंगठा हलला. मग तिनं खोकून मुखवट्यात ओकारी केली, आणि डॉक्टर जमिनीवर बसले, बसलेच.

ते म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी

वनूला संध्याकाळपर्यंत ठेवून घेणार होते. बाबा आणि आत्याबाई तिच्यापाशी होते. सकाळी मी कपडे आणि पेज आणायला घरी आले.

पाऊस रात्रीच थांबला होता. कौसल्या तिच्या ओसरीवर बसली होती. ताण्याचे दोन तुकडे तिनं चिखलातून उचलून, धुऊन, समोरासमोर बांधले होते. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. ती एकेक सूत सांधत होती. मोजायची सोय नाही इतकी सुतं. मी पेज चुलीवर ठेवली, पायरी उतरून तिच्या ओसरीवर गेले आणि समोर बसले. तिनं वर पाहिलं नाही.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"शिव्या देऊन राहिली."

"मंग बरी आहे."

मी दुसऱ्या बाजूने सुतं हातात घेतली. दोघी काम करत होतो. मग तिनं सवयीने एक टोक उचललं आणि ओठाकडे नेलं. मी तिच्या हातावर चापट मारली, दुखऱ्या बोटावरच बसली.

"मले काय होते?" ती कळवळून म्हणाली. "मी मरतो का तिळानं?"

"तू नाही मरत. संध्याकाळी वनू घरी येईन, आनि तू तिचा मुका घेशीन."

कौसल्या थांबली. लुगड्याच्या पदराने तिनं ओठ पुसले, एकदा, मग पुन्हा घासून.

मी उठून आत गेले, तिच्याच घरातली एक वाटी पाण्याने भरून आणली, दोघींच्या मधे ठेवली, आणि पुढचं टोक त्या पाण्यात बुडवलं.